पासंग

गोठ्यासमोरच्या आडव्या ओंडक्याला मी काटा टांगते.
स्प्रिंगचा, गंजका, सासष्ट सालचा.
शून्यावर कधी उभा राहत नाही,
रिकामा असला तरी पाव किलो दाखवतो.
बाबा म्हणतात, तेवढं त्याला खपवून घ्यायचं.

कासियारच्या माथ्यावर काल बर्फ भुरभुरलं.
परवा पहाटे निघायचं,
नदीच्या कडेने दोन दिवस, मग खिंडीतून वर,
मूस माजावर आलेत तिथे.

फॉर्मवर ‘तुमचे वजन’ या रकान्यात
विस्कॉन्सिनच्या ऑर्विल टेसमर यांनी लिहिलंय ब्याण्णव.
फोनवर जिना चढताना त्यांना लागलेली धाप ऐकून
मी एकशेचार धरलं.
सगळेच खोटं लिहितात.
सिनेटर फॉर्म वाचत नाही, त्याची पाठ वाचते,
म्हणून टेसमरसाहेबांना सिनेटरच द्यायचा.

त्यांची यादी तीन पानी.
घडीची खुर्ची खोडली.
वाऱ्याचा वेग सांगणारं यंत्र खोडलं,
माझ्या खिशात चुलीची राख असते, चिमूटभर सोडली की कळतं.
शंभर काडतुसं खोडून वीस केली.
खाली लिहिलं: नवे बूट आणू नका.
आणलेच, तर आजपासून घालून झोपा.

मग पेट्या.
एका घोड्याला दोन, आणि दोन्ही सारख्या,
अर्ध्या किलोचा फरक पडला
तर संध्याकाळी खोगिराखाली कातडं सोलून निघतं.
पीठ इकडे, तर ओट तिकडे.
कुऱ्हाड इकडे, तर नाल आणि खिळे तिकडे.
मीठ, कातड्यासाठी वीस किलो, दहा-दहा दोन्हीकडे.
मांसाच्या सुती पिशव्या धुऊन, उसवलेल्या शिवून घेतल्या.
गेल्या वर्षीचा डाग गेला नाही.
जाऊ नये असं काही माझं म्हणणं नाही,
नुसता गेला नाही.

शेवटचे दोन घोडे मोकळे.
टेसमरसाहेबांनी फोनवर विचारलं,
त्यांच्यावर काय लादणार?
म्हटलं, ते अजून चालतंय.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, लोकरीचे मोजे किती जोड?
म्हटलं, चार.

मिस पर्लची उजवी पेटी साडेबावीस.
डावी बावीसला अडली.
पुन्हा टांगली. बावीसच.
सगळं काढून पुन्हा भरलं: चहाचा डबा, दोर, कंदील,
जखमेचं औषध, माणसांचं आणि घोड्यांचं.
काही राहिलं नव्हतं.
मग आठवलं, इथे बाबांचा मग असायचा,
लोखंडी, टवके उडालेला, आणि त्यात गुंडाळलेले त्यांचे हातमोजे.
एकेचाळीस वर्षं डाव्या पेटीत, वरच्या कोपऱ्यात.

बाबा पायरीवर बसलेत.
दोन्ही गुडघ्यांवर दोन्ही हात,
जणू तीच दोन कुत्री, उठू द्यायची नाहीत.
त्यांनी काटा पाहिला होता.
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

नदीतला एक गोटा असतो आमच्याकडे, पासंगाचा,
तो टाकून पाहिला, काटा पलीकडे गेला.
घोड्याचा नाल टाकला, कमी पडला.
शेवटी परसातून दोन बटाटे उपटले,
माती झटकून कोपऱ्यात बसवले.
साडेबावीस.
दोर ओढला, हिऱ्याची गाठ मारली,
त्यांनी शिकवली तशी, गुडघा पेटीला टेकवून.

पायरीवरून आवाज आला,
“बटाटे खाल्लेस की पुन्हा अर्धा किलो कमी.”

“खाणार नाही.”

“खा,” म्हणाले.
“पण शेवटच्या मुक्कामाला.
आणि त्या दिवशी तुझे मोजे डावीकडे टाक.”